विश्लेषण : आरसी मोटारींच्या बॅटऱ्या का फुगतात? त्या निवडताना आणि जपताना काय लक्षात घ्यावे?

रात्री मोबाइल चार्जिंगला लावून झोपण्याची सवय अनेकांना असते. तीच सवय हौसेने घेतलेल्या रिमोट कंट्रोल म्हणजे ‘आरसी’ मोटारीच्या बॅटरीला लावली, तर ती महागात पडू शकते. दोन्हींत लिथियम असले तरी मोबाइलच्या बॅटरीला सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट आरसी मोटारीच्या बॅटरीत सहसा नसते. ते काम मालकालाच करावे लागते. ते कसे करायचे, याविषयी…

बॅटऱ्यांचे प्रकार कोणते?

जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ या मोटारीची विजेवर चालणारी रेडिओ नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली आणि या छंदाला वेग आला. पुढे बराच काळ या मोटारी निकेल-कॅडमियम बॅटरीवर धावल्या. कॅडमियम विषारी असल्याने त्यांची जागा निकेल-मेटल हायड्राइड म्हणजे ‘निमएच’ बॅटऱ्यांनी घेतली. आता वेगवान मोटारींमध्ये लिथियम पॉलिमर म्हणजे ‘लिपो’ बॅटरी वापरली जाते.

निमएचच्या एका सेलचा व्होल्टेज १.२ असतो. सहा सेल जोडले की ७.२ व्होल्टची बॅटरी तयार होते. लिपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा असतो. त्यामुळे दोनच सेलमध्ये ७.४ व्होल्ट मिळतात. लिपोच्या वेष्टनावर २एस, ३एस असे लिहिलेले असते, ते सेलची संख्या सांगते. ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट. तेवढ्याच वजनात लिपोमध्ये निमएचच्या जवळपास दुप्पट ऊर्जा मावते. शिवाय निमएचवरची मोटार हळूहळू मंदावत जाते, तर लिपोवरची मोटार जवळजवळ शेवटपर्यंत जोरात पळते.

एमएएच आणि ‘सी’ या आकड्यांचा अर्थ काय?

एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता. बॅटरीला पाण्याची टाकी समजले, तर टाकी किती मोठी आहे हे हा आकडा सांगतो. ५००० एमएएचच्या बॅटरीतून मोटार सरासरी १५ अँपिअर वीज ओढत असेल, तर खेळ सुमारे २० मिनिटे चालेल.

‘सी’ हा आकडा टाकीच्या तोटीसारखा आहे. बॅटरी एका वेळी किती वीज देऊ शकते, हे त्यावरून कळते. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. त्याला ३० सीने गुणले की १५० अँपिअर येतात. मात्र हे आकडे ठरवण्याची सर्वमान्य पद्धत नाही आणि वेष्टनावरचे दावे अनेकदा फुगवलेले असतात. त्यामुळे केवळ मोठा ‘सी’ पाहून स्वस्त बॅटरी घेण्यापेक्षा मोटारीच्या गरजेपेक्षा थोडी जास्त क्षमता असलेली, माहितीच्या कंपनीची बॅटरी घेणे बरे.

लिपो बॅटरी इतकी नाजूक का?

लिपोच्या सेलला दोन मर्यादा सांभाळाव्या लागतात. चार्ज होताना व्होल्टेज ४.२ च्या वर जाऊ नये आणि वापरताना ३ च्या खाली उतरू नये. वरची मर्यादा ओलांडली तर आतली रसायने अस्थिर होऊन तापू लागतात. खालची मर्यादा ओलांडली तर आतील तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगमध्ये सेलच्या आतच शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. आतील द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार झाला की सेलची मऊ पिशवी फुगते. फुगणे हा धोक्याचा इशारा असतो. त्यापुढची पायरी म्हणजे उष्णतेमुळे अभिक्रिया आणि अभिक्रियेमुळे आणखी उष्णता. हे चक्र सुरू झाले की काही क्षणांत ज्वाळा आणि विषारी धूर बाहेर पडतो.

मोबाइलमधील सर्किट या मर्यादा ओलांडल्या जाण्याआधीच वीज तोडते. आरसी मोटारीत खालच्या मर्यादेची जबाबदारी वेग नियंत्रित करणाऱ्या ‘ईएससी’वर असते. मात्र अनेक ईएससींमध्ये निमएच आणि लिपो असे दोन पर्याय असतात. निमएच मोटारीत नवी लिपो बसवली आणि ही सेटिंग बदलायची राहिली, तर वीज वेळेत तुटत नाही आणि बॅटरी पहिल्याच दिवशी खराब होऊ शकते.

चार्जिंगमध्ये सर्वांत मोठी चूक कोणती?

चार्जरवर चुकीचा प्रकार निवडणे. निमएच पूर्ण भरली की तिचा व्होल्टेज किंचित घसरतो. ती घसरण ओळखून चार्जर थांबतो. लिपोमध्ये अशी घसरण होत नाही. लिपो लावून निमएचचा पर्याय निवडला, तर चार्जर न येणाऱ्या घसरणीची वाट पाहत वीज ढकलत राहतो. घरात आग लागण्यास एवढी चूक पुरेशी आहे.

त्यामुळे लिपोसाठी ‘बॅलन्स’ चार्जरच वापरावा. बॅटरीच्या जाड वायरींशेजारी पांढऱ्या प्लगची बारीक वायर असते, तीही चार्जरला जोडावी. त्यातून प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजला जातो आणि सर्व सेल सारखे भरतात. चार्जिंगचा वेग १ सी ठेवावा. म्हणजे ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर. तासाभरात किंवा थोड्या अधिक वेळात ती भरते. चार्जिंग फरशीवर, पडदे आणि गाद्यांपासून दूर, शक्यतो आगरोधक पिशवीत करावे. माणूस जागा आणि जवळ असतानाच ते व्हावे. खेळून आलेली गरम बॅटरी थंड होईपर्यंत चार्जरला लावू नये.

वापरात नसताना ती कशी ठेवावी?

लिपो पूर्ण भरून ठेवणे आणि पूर्ण रिकामी ठेवणे, दोन्ही वाईट. प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर असताना ती सर्वांत सुखरूप राहते. चांगल्या चार्जरमध्ये यासाठी ‘स्टोरेज’ हा पर्याय असतो. शाळा सुरू झाली आणि मोटार दिवाळीपर्यंत कपाटात जाणार असेल, तर हा पर्याय वापरून मगच बॅटरी ठेवावी. खेळ संपल्यावर ती मोटारीतून काढावी, कारण स्विच चुकून सुरू राहिला तर ती पार रिकामी होते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी उन्हात उभ्या असलेल्या चारचाकीत बॅटरी ठेवणे टाळायलाच हवे. निमएचला पूर्ण भरून ठेवल्याने लिपोइतका धोका नसतो. ती पडून असताना आपोआप उतरते, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा चार्ज करावी.

परदेशातील नातेवाईक बॅटरी आणणार असतील, तर ती केबिन बॅगेतच हवी. सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ५००० एमएएचची २एस बॅटरी ३७ वॉट-तासांची असते. तिची टोके चिकटपट्टीने झाकावीत.

बॅटरी फुगली तर काय करावे?

ती पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये आणि टोचून वायू काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. टोके झाकून ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर धातूच्या डब्यात वाळूत ठेवावी. चार्जिंगदरम्यान धूर येऊ लागला, तर शक्य असल्यास वीज मुख्य स्विचवरून बंद करावी, धूर हुंगण्याआधी सर्वांना बाहेर काढावे आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. त्या अधिकृत ई-कचरा किंवा बॅटरी संकलन केंद्रात द्याव्यात.

मग कोणती घ्यावी?

आठ-दहा वर्षांच्या मुलाची पहिली मोटार असेल, तर निमएच पुरेशी आहे. वेग थोडा कमी मिळेल, पण हाताळणीतील चुका ती बऱ्यापैकी पोटात घालते. लिपो घ्यायची असेल, तर मोटारीचा ईएससी ती स्वीकारतो का, किती एसपर्यंत चालते, बॅटरी खाचेत मावते का आणि कनेक्टर जुळतो का, हे आधी पाहावे. आपटणाऱ्या मोटारीसाठी कडक कवचाची लिपो घ्यावी. चांगल्या चार्जरचा खर्च बॅटरीच्या खर्चातच धरावा. आणि चार्जिंगच्या वेळी कोण लक्ष ठेवणार, हे बॅटरी घेण्याआधीच घरात ठरवावे. मूल लहान असेल, तर ते काम मोठ्यांनीच करायला हवे.