सर्किट आपल्या हाती : लेखांक ६ – भोकाच्या आतलं तांबं

गेल्या आठवड्यात आपण वाडीतल्या पंपाच्या कंट्रोलरचा लेआउट पूर्ण केला. विहिरीचं पाणी संपलं की मोटर बंद करणारं हे साधं सर्किट. आता प्रश्न, बोर्ड कुणाकडून करून घ्यायचे?

माझा पहिला लॉट मी सगळ्यात कमी कोटेशनवाल्याला दिला होता. बोर्ड देखणे, हिरवा मास्क चकचकीत. पण अर्नाळ्याच्या एका वाडीतला कंट्रोलर मे महिन्यात दुपारी बंद पडायचा आणि संध्याकाळी गार झाला की मुकाट चालायचा. आठ दिवस मी रिले बदलत बसलो. दोष निघाला बोर्डाच्या एका भोकात.

दोन बाजूंच्या बोर्डात वरचा ट्रॅक खालच्याला जोडतो तो भोकाच्या भिंतीवर चढवलेला तांब्याचा थर. बोर्डाचं एफआर-४ म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. तापलं की ते जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा बरंच जास्त फुगतं. थर पातळ असेल तर ताणून तडकतो, गार झाला की तडा पुन्हा टेकतो आणि मीटरवर सगळं ठीक दिसतं. आयपीसी मानकाच्या क्लास २ प्रमाणे हा थर सरासरी २० मायक्रॉन तरी हवा. दर विचारण्याआधी हा आकडा विचारा. मायक्रोसेक्शनचा, म्हणजे भोक कापून थर मोजल्याचा, रिपोर्ट मागा. जो कारखानदार तो बिनतक्रार दाखवतो, त्याच्याशी पुढे बोलावं. बीबीटी, म्हणजे कोऱ्या बोर्डाची विजेची चाचणी, हवीच. पण तिच्यात तुटलेला किंवा चिकटलेला ट्रॅक सापडतो, पातळ थर सुटू शकतो.

दराचा हिशेब टूलिंगसकट, म्हणजे एकदाच लागणाऱ्या तयारीच्या खर्चासकट, करा. समजा टूलिंग २००० रुपये असेल, तर १० बोर्डांमागे प्रत्येकी २०० रुपये चढतात, २०० बोर्डांमागे फक्त १०. चीनच्या शेन्झेनमधून पाच-दहा नमुने फार स्वस्त मिळतात, पण कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी धरून बेरीज करा. गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स इथे लेआउटची गर्बर फाइल ऑनलाइन पाठवून दर घेता येतो. तरी आपल्या जवळच्या वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या बाजूला एखादा चांगला गाळा सापडला, तर मी त्याला चार पैसे जास्त देईन. रिक्षाने जाऊन प्लेटिंगची टाकी डोळ्यांनी बघता येते, आणि चूक झाली तर बोर्ड टेबलावर ठेवून बोलता येतं.

तिथे गेलात की एचिंगचं पाणी कुठे जातं तेही विचारा. त्या पाण्यात तांबं असतं, आणि आपल्या खाडीत मासेमारी चालते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नसलेल्या कारखान्यात माझं काम मी देत नाही. तो उद्या बंद झाला तर ऑर्डरही अडकते.

पूर्ण लॉट देण्याआधी पाच नमुने घ्या. चारांवर सुटे भाग बसवून चालवून बघा. पाचवा भोकांच्या रांगेतून हॅकसॉने कापा, कड पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासा आणि भिंगाखाली धरा. भोकाच्या दोन्ही भिंतींवर तांब्याची रेघ वरपासून खालपर्यंत कुठेही न तुटता दिसली पाहिजे.