गोल्फ कार्टचे दिवे मंद का होतात? बिघाड नेमका कुठून शोधायचा?

गोल्फचं मैदान आयुष्यात कधी न पाहिलेला माणूसही आता गोल्फ कार्टमध्ये बसलेला असतो. विमानतळ, रिसॉर्ट, प्राणिसंग्रहालय, मोठं रुग्णालय, कॉलेजचा कॅम्पस, सगळीकडे या बिनआवाजाच्या गाड्या फिरतात. त्यांच्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी: संध्याकाळी दिवे लावले की ते पिवळट, मिणमिणते दिसतात, आणि पेडल दाबलं की आणखी मंद होतात. गाडी दुरुस्तीला नेली की बहुतेक वेळा बल्ब बदलला जातो. दोष मात्र सहसा बल्बमध्ये नसतो.

तो कुठे असतो हे कळायला आधी गाडीच्या सीटखाली काय आहे ते पाहू.

लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर चालणाऱ्या कार्टमध्ये एक मोठी बॅटरी नसते, अनेक लहान बॅटऱ्या एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. ६ व्होल्टच्या ८ बॅटऱ्या किंवा ८ व्होल्टच्या ६ बॅटऱ्या मिळून ४८ व्होल्ट होतात. मोटर या ४८ व्होल्टवर चालते. दिवे, हॉर्न, इंडिकेटर मात्र १२ व्होल्टचे असतात, कारण ते मोटारीच्या बाजारात स्वस्त आणि कुठेही मिळतात. मग ४८ मधून १२ आणायचे कसे?

योग्य मार्ग म्हणजे व्होल्टेज रिड्यूसर, ज्याला बरेच मेकॅनिक नुसतं ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. ही लहानशी धातूची डबी पूर्ण ४८ व्होल्ट घेते आणि १२ व्होल्ट देते. दुसरा मार्ग फुकटाचा आहे. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या टोकांना दिव्यांच्या वायरी जोडल्या की १२ व्होल्ट मिळतात, दिवेही झकास लागतात. म्हणूनच हा जुगाड इतका पसरला आहे. आणि बॅटऱ्यांचा अख्खा संच अकाली मरण्याचं ते एक मोठं कारण आहे.

हिशोब करून पाहू. समजा हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून ८० वॅटचे आहेत. १२ व्होल्टवर ते जवळपास ६.७ अँपिअर ओढतात. रोज रात्री तीन तास दिवे लागले, तर त्या दोन बॅटऱ्यांमधून २० अँपिअर-अवर जास्तीचे जातात. अशा बॅटरीची क्षमता साधारण २२५ अँपिअर-अवर धरली, तर त्या दोघी उरलेल्या सहांपेक्षा रोज नऊ टक्के जास्त रिकाम्या होतात. चार्जरला मात्र हे दिसत नाही. तो पूर्ण संचाची बेरीज बघतो आणि बेरीज पुरी झाली की थांबतो. परिणामी सहा बॅटऱ्या गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवतात, आणि दोन कायम अर्धपोटी राहतात. अर्धपोटी लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसत जातात आणि तिची क्षमता कायमची घटते. काही महिन्यांनी चढावर गाडी दमते, पेडल दाबताच या दोन दुबळ्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज कोसळतं, आणि त्यांच्यावरच टांगलेले दिवे डोळ्यादेखत मंद होतात.

तेच दिवे रिड्यूसरवर घेतले तर ४८ व्होल्टच्या बाजूने जेमतेम दोन अँपिअर लागतात, आणि तेही आठही बॅटऱ्यांतून सारखे. २० वॅटचे एलईडी बसवले तर अर्धा अँपिअर. म्हणून मंद दिव्यांची तक्रार आली की पहिला प्रश्न हाच: दिव्यांची वायर नेमकी कुठून निघाली आहे?

आता मीटर हातात घ्यायचा. पण त्याआधी अंगठी, कडं, घड्याळ उतरवून ठेवावं. ४८ व्होल्टचा झटका सहसा जाणवत नाही, पण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि धातू वितळायला क्षण पुरतो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू सुटतो, त्यामुळे चार्जिंग चालू असताना किंवा नुकतं संपलेलं असताना सीटखाली ठिणगी नको. गाडीत ‘टो’ आणि ‘रन’ असा खटका असेल तर तो ‘टो’वर ठेवूनच वायरींना हात लावावा.

गाडी काही तास उभी राहिल्यावर संपूर्ण संचाचं व्होल्टेज मोजा. इथे भलेभले फसतात. मीटरने ४८ दाखवले म्हणजे बॅटरी भरलेली नव्हे. पूर्ण चार्ज झालेला ४८ व्होल्टचा संच विश्रांतीत ५०.९ च्या आसपास दाखवतो. ४८.४ म्हणजे निम्मा रिकामा. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. ६ व्होल्टची भरलेली बॅटरी ६.३७ च्या जवळ असते. सगळ्या सारख्या आणि एखादीच बरीच खाली, तर चोर सापडला.

बॅटऱ्या ठीक निघाल्या तर दिव्याच्या वायरीकडे वळा. बल्ब काढून होल्डरमध्ये मोजलं तर बहुतेकदा बरोबर १२ व्होल्ट मिळतात, आणि मेकॅनिक गोंधळतो. कारण दिवा नसताना वायरीतून प्रवाहच वाहत नाही. गंजून एकच तार शिल्लक असलेली वायरही तेव्हा पूर्ण व्होल्टेज दाखवते. दिवा चालू ठेवून मोजा. रिड्यूसरजवळ १२.५ आणि बल्बजवळ १०.५ आले, तर दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी, गंजलेल्या कनेक्टरमध्ये, सैल खटक्यात नाहीतर फ्यूजच्या काळवंडलेल्या पकडीत खर्च होत आहेत. खड्ड्यात आदळल्यावर दिवा उघडझाप करत असेल तर तर्क लढवायलाही नको, कुठेतरी जोड सुटला आहे.

सगळेच दिवे एकदम गेले असतील तर फ्यूज, मग रिड्यूसरची आत येणारी बाजू, मग बाहेर जाणारी, या क्रमाने जा. आत ४८ येत आहेत आणि बाहेर शून्य, तर रिड्यूसर गेला.

आणखी एक गंमत मोटारीचे इलेक्ट्रिशियन कार्टवर काम करतात तेव्हा होते. मोटारीत बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, त्यामुळे दिव्याची परतीची वायर जवळच्या बोल्टला लावली की काम झालं. विजेवर चालणाऱ्या कार्टची चासी मात्र सहसा बॅटरीपासून पूर्ण अलग ठेवलेली असते. ‘बॉडी अर्थ’ दिला तर दिवा लागतच नाही. तो लागावा म्हणून कुणी बॅटरीची निगेटिव्हही चासीला जोडली, तर पुढे एखादी पॉझिटिव्ह वायर घासून उघडी पडताच थेट शॉर्ट. परतीची वायर रिड्यूसरच्या निगेटिव्हपर्यंत स्वतंत्र न्यायलाच हवी.

दिवे लागतात पण गाडीच हलत नसेल तर कान वापरा. बऱ्याच कार्टमध्ये पेडल दाबताच सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज येतो. (काही मॉडेलमध्ये तो चावी फिरवतानाच येतो.) आवाज नाही, तर सोलेनॉइडच्या दोन बारीक टर्मिनलवर पेडल दाबून व्होल्टेज पाहा. तिथे व्होल्टेज असूनही आवाज नसेल तर आतली कॉइल गेली. व्होल्टेजच नसेल तर दोष अलीकडे आहे: चावीचा स्विच, पेडलखालचा मायक्रोस्विच किंवा पुढे-मागे जाण्याचा खटका. आवाज येतो पण गाडी ढिम्म, तर मागची चाकं जॅकवर उचलून, पुढच्या चाकांना अडसर लावून, पेडल दाबलेलं असताना दोन जाड टर्मिनलच्या मध्ये मोजा. मीटर जवळपास शून्यावर हवा. चांगले व्होल्ट दिसले तर आतले संपर्क जळाले आहेत.

सोलेनॉइडही ठीक असेल तर जाड केबलींवर नजर टाका. चढावर मोटर १५० अँपिअर ओढत असताना एखाद्या सैल टर्मिनलचा विरोध फक्त ०.०१ ओहम असला, तरी तिथे दीड व्होल्ट पडतो आणि २२५ वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच फेरी मारून आल्यावर जे टर्मिनल इतरांपेक्षा तापलेलं असेल तेच दोषी. पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून घासावं, पण त्याचा थेंबही बॅटरीच्या आत जाता कामा नये.

ई-रिक्षांमध्येही सहसा १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. तिथे हॉर्न, दिवे, गाण्यांचा स्पीकर हे सगळं एकाच बॅटरीवर लावलेलं आढळलं, तर चारांतली तीच आधी का जाते याचं उत्तर वरच्याच हिशोबात आहे. बिघडलेली एक बॅटरी बदलून तिथे नवी कोरी बसवायची असेल, तर आधी ती वायर काढून रिड्यूसर बसवावा. नाहीतर नवीही त्याच वाटेने जाईल.