डुकराच्या अंगात औषधाची वारी

डुकराला प्रतिजैविक दिलं म्हणजे काम संपलं? छे! खरी गंमत तिथून पुढे सुरू होते.

पोटात गेलं, अंगी लागलं नाही
ऑक्सिटेट्रासायक्लिन खाद्यातून दिलं, तर रक्तापर्यंत फार थोडं पोहोचतं. काही चाचण्यांत तर पाच टक्क्यांच्या आतबाहेरच. खाद्यातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं. उरलेलं सगळं विष्ठेवाटे बाहेर!

आजारी डुक्कर खात नाही, पण पितं
ताप आला की भूक आधी मरते, तहान मात्र बरीचशी टिकते. म्हणून आजारी कळपाला औषध पाण्यातून देणं बरं. खाद्यात मिसळलं, तर दांडगी डुकरं जास्त खातात आणि ज्यांना खरी गरज तीच उपाशी राहतात.

सुई मानेतच का?
इंजेक्शन कानामागे, मानेच्या स्नायूत देतात. मांडीचं मांस महाग. तिथे सुईचा डाग राहिला तर नुकसान ठरलेलं. सुई आखूड असली तर औषध चरबीतच अडकतं आणि शोषणाचं वेळापत्रक बिघडतं.

फुप्फुसात मुक्काम
श्वसनरोगांसाठी टुलाथ्रोमायसिन एकदाच टोचतात: किलोमागे 2.5 मिलिग्रॅम. तासाभराच्या आत ते रक्तात शिखर गाठतं. मग फुप्फुसात साठतं आणि कित्येक दिवस तिथून हलत नाही.

औषध तेच, घाई वेगळी
डॉक्सिसायक्लिनची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला माणसात साधारण 18 तास लागतात. डुकरात? जेमतेम चार!

आतड्याबाहेर न पडणारं
कोलिस्टिन तोंडावाटे दिलं तर जवळपास शोषलंच जात नाही. म्हणूनच पिलांच्या हगवणीवर ते वापरलं जाई. पण जिवाणूंना कोलिस्टिनपासून वाचवणारं आणि त्यांना एकमेकांना देता येणारं जनुक चीनमध्ये सापडल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. त्या शोधात डुकरांचे नमुनेही होते. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

जीवघेणी जोडी
टायम्युलिन चालू असताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन नको! टायम्युलिन यकृतातली विकरं अडवतं, दुसरं औषध अंगात साचतं आणि डुक्कर दगावू शकतं.

गेलं ते परत आलं
सल्फामेथाझिन लघवीतून बाहेर पडतं. गोठा अस्वच्छ असला की डुकरं घाणीत तोंड घालतात आणि औषध पुन्हा पोटात! अमेरिकेत मांसात या औषधाचे अंश सापडण्यामागे हेही एक कारण होतं.

देश बदलला, मुदत बदलली
टुलाथ्रोमायसिन टोचल्यावर कत्तलीपूर्वी किती दिवस थांबायचं? अमेरिकेत 5, युरोपीय संघात 13. नियामकांचे हिशेब वेगळे, म्हणून मुदतही वेगळी.

तेव्हा वराहपालकांनो, औषध, मात्रा आणि तारीख वहीत लिहा, पशुवैद्यकाला विचारूनच सुई उचला आणि मुदत संपेपर्यंत जनावर विकू नका.