पंचविशीनंतरचे मुरूम आणि प्रकाशोपचार

"डॉक्टर, लग्न दोन महिन्यांवर आलंय. कोल्हापुरात लाइट मारून पिंपल्स घालवतात म्हणे. करून घेऊ का?" पेठ वडगावच्या दवाखान्यात मला हा प्रश्न आता वरचेवर ऐकू येतो. विचारणारी व्यक्ती बहुधा पंचविशी ओलांडलेली असते आणि मलमे लावून कंटाळलेली असते.

मुरुमांतले जिवाणू पॉर्फिरिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्यावर साधारण ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की ते जिवाणू मरतात. लाल प्रकाश थोडा खोल जातो आणि सूज कमी करतो. लहान, लाल फोडांना याचा काहीसा उपयोग होतो. ब्लॅकहेड्सना आणि खोल गाठींना फारसा नाही. जिवाणू पुन्हा वाढतात, त्यामुळे फरक कायम टिकेलच असे नाही. २०१६ मध्ये कोक्रेन संस्थेने या विषयावरील अभ्यास तपासले, तेव्हा ठाम काही सांगण्याइतका पुरावा हाती आला नाही.

नुसत्या निळ्या-लाल प्रकाशाने त्वचा थोडी लाल किंवा कोरडी होते, एवढेच. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

फोटोडायनॅमिक उपचार याहून तीव्र असतो. त्यात आधी औषध लावतात आणि मग प्रकाश देतात. आग होणे, सूज येणे, खपली धरणे हे त्यात नेहमीचे. पुढचे ४८ तास ऊन टाळावे लागते. नेहमीचे सनस्क्रीन इथे पुरत नाही, कारण ते दिसणारा प्रकाश अडवत नाही. शेतात किंवा दुचाकीवर फिरणाऱ्यांनी याचा आधीच विचार करावा.

मला जास्त काळजी वाटते ती आयपीएलची. आपल्या सावळ्या त्वचेतले मेलॅनिन तो प्रकाश शोषून तापते. मशीनचे सेटिंग चुकले तर भाजते आणि काळे डाग राहतात. दाढीच्या जागी केसही विरळ होऊ शकतात. काळा डाग जायला कित्येक महिने लागतात, म्हणूनच लग्न दोन महिन्यांवर असताना मी नको म्हणतो.

त्याआधी मूळ कारण पाहू या. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर केस वाढत असतील तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. मेडिकलमधून आणलेले "गोरे करणारे" क्रीम लावत असाल तर ट्यूब घेऊन या. अनेकदा त्यात स्टेरॉइड निघते आणि मुरूम त्यानेच वाढलेले असतात.

तरीही प्रकाशोपचार घ्यायचाच असेल तर तो त्वचारोगतज्ज्ञांकडेच घ्या, पार्लरमध्ये नको. डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल, गर्भधारणा असेल, उन्हाने अंगावर चट्टे उठत असतील, तर आधी सांगा. कानामागे छोटी चाचणी करून घ्या.

नंतर फोड आला तर गार पाण्याची पट्टी ठेवा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका, फोड फोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.