फाइव्ह स्टार हॉटेलांचे पॉइंट: वरठीच्या उद्योजकाने कोणती मेंबरशिप घ्यावी?



"सर, मी वर्षातून आठ-दहा दिवस कामासाठी मुंबई-पुण्याला जातो. हॉटेलवाले मेंबर व्हा म्हणतात. त्यात खरंच फायदा आहे का?" हा प्रश्न प्रशिक्षणात हमखास येतो. आज त्याचं उत्तर वही-पेन घेऊन काढूया. नुसतं "या हॉटेलचा लाउंज भारी, त्या हॉटेलचा ब्रेकफास्ट भारी" असं बोलून धंद्याचा निर्णय होत नाही. हिशेब मांडावा लागतो.

उदाहरण वरठीचं घेऊया. गाव छोटं आहे, पण सनफ्लॅगचा स्टील कारखाना इथे आहे आणि भंडारा रोड स्टेशनही इथेच आहे. समजा, तुम्ही कारखान्यांना सुटे भाग पुरवता. वर्षाला ८ रात्री बाहेर राहता: मुंबईत ४, पुण्यात २, हैदराबादला २. मोठा ग्राहक भेटायला येणार असतो, म्हणून हॉटेल जरा बरं घेता. रूमचं सरासरी भाडं ६,००० रुपये धरू. म्हणजे वर्षाचा खर्च ४८,००० रुपये, टॅक्स वेगळा.

आधी समजून घ्या: ही योजना आहे काय?

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी पॉइंटची योजना काढली. दोनच वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेलवाल्यांनी तीच कल्पना उचलली. आपला किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला मापात थोडं वर टाकतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की हॉटेलवाले ते कॉम्प्युटरवर मोजतात.

आज आपल्या कामाच्या योजना या:

- ताज इनरसर्कल (न्यूपास): ताजपासून विवांता, जिंजरपर्यंतची हॉटेलं यात येतात. २०२२ मध्ये ही योजना टाटा न्यूला जोडली गेली. पॉइंटऐवजी न्यूकॉइन मिळतात आणि एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया.
- मॅरियट बॉनवॉय: हे नाव २०१९ मध्ये आलं. जेडब्ल्यू मॅरियट, कोर्टयार्ड, फेअरफिल्ड आणि आपल्या जवळचं नागपूरचं ले मेरिडियन यात आहे.
- अकॉरची 'ऑल': नोव्होटेल, सोफिटेल, आयबिस.
- क्लब आयटीसी: आयटीसीची मोठी हॉटेलं आणि त्यांचे इतर ब्रँड. यांचे ग्रीन पॉइंट असतात.
- रॅडिसन रिवॉर्ड्स: नागपूरला वर्धा रोडवर रॅडिसन ब्लू आहे. मेंबरला त्यांच्या वेबसाइटवर भाड्यात १० टक्क्यांपर्यंत सूट मिळते.

या सगळ्यांचं साधं सदस्यत्व फुकट आहे. मोबाइल नंबर किंवा ईमेल दिला की झालं.

४८,००० रुपयांवर परत किती येतात?

आता खरा हिशेब. पॉइंट किती मिळाले ते विसरा. रुपये किती मिळाले ते लिहा.

ताज: सुरुवातीच्या पायरीवर साधारण ५ टक्के न्यूकॉइन धरा. म्हणजे २,४०० रुपये.

मॅरियट: बहुतेक ब्रँडमध्ये एका डॉलरला १० पॉइंट. डॉलर ८८ रुपये धरला तर ४८,००० म्हणजे सुमारे ५४५ डॉलर, म्हणजे ५,४५० पॉइंट. आता एका पॉइंटची किंमत कशी काढायची? ज्या हॉटेलात राहायचं आहे, तिथल्या रूमचं रोख भाडं टॅक्ससकट बघा आणि तीच रूम किती पॉइंटला मिळते तेही बघा. समजा रोख ८,००० किंवा १५,००० पॉइंट. मग एक पॉइंट पडला ५३ पैशाला. तुमच्या ५,४५० पॉइंटची किंमत झाली साधारण २,९०० रुपये.

अकॉर: नोव्होटेलसारख्या ब्रँडमध्ये १० युरोला २५ पॉइंट आणि २,००० पॉइंटचे ४० युरो होतात. हिशेब केला तर पुन्हा ५ टक्केच, म्हणजे २,४०० रुपये. आयबिसला पॉइंट निम्मे, म्हणून परतही निम्मेच.

बघितलंत? नावं वेगळी, रंग वेगळे, आकडे वेगळे. पण नवीन मेंबरच्या हातात घूमफिरके पाच-सहा टक्केच येतात. एका योजनेऐवजी दुसरी निवडल्याने वर्षाला जो फरक पडतो तो ५०० रुपयांचा! आणि फक्त पॉइंटसाठी रोज १,००० रुपये महाग रूम घेतली, तर ८ रात्रींत ८,००० रुपये गेले. पाचशेसाठी आठ हजार घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग फरक कुठे आहे? पैसे हातात कधी येतात त्यात!

न्यूकॉइन रुपयासारखे असल्यामुळे थोडे असले तरी वापरता येतात. पुढच्या हॉटेल बिलात वळते करा, नाहीतर क्रोमात किंवा बिगबास्केटवर खर्च करा. मॅरियटमध्ये १५,००० पॉइंटची फुकट रात्र हवी असेल, तर ५,४५० च्या वेगाने जवळजवळ तीन वर्षं लागतील. मधे २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही, तर पॉइंट बाद होतात. अकॉरमध्ये ८ रात्रींचे साधारण १,२०० पॉइंट होतील, म्हणजे २,००० चा टप्पा गाठायला दुसरं वर्ष उजाडेल.

आणखी एक गोष्ट. मॅरियटने २०२२ मध्ये पॉइंटचे ठरलेले दर काढून टाकले. आता मागणीप्रमाणे दर खालीवर होतो. म्हणजे आज १५,००० ला दिसणारी रात्र उद्या २०,००० ला दिसू शकते. पॉइंट म्हणजे बँकेतली एफडी नव्हे. आले की वापरा, साठवून ठेवू नका.

आता बघू सोयी: लाउंज, ब्रेकफास्ट, लेट चेकआउट

जाहिरातीत ज्या सोयी दिसतात, त्या वरच्या पायरीवर मिळतात. मॅरियटच्या पायऱ्या बघा: १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. हयातमध्ये पायऱ्या १०, ३० आणि ६० रात्रींच्या आहेत. सगळं एका वर्षात.

लाउंज, बऱ्याच ब्रँडमध्ये फुकट ब्रेकफास्ट आणि दुपारी ४ चा चेकआउट हे मॅरियटच्या प्लॅटिनमला मिळतं. रिसॉर्टमध्ये तो ४ चाही रूम रिकामी असेल तरच. ५० रात्री गुणिले ६,००० म्हणजे ३ लाख रुपये! आपण ८ रात्री राहणारे. आपल्याला मिळणार फुकट वायफाय, मेंबरचा थोडा कमी दर, आणि सिल्व्हर झालो तर १० टक्के जास्त पॉइंट आणि रूम रिकामी असेल तर उशिरा चेकआउट. एवढंच.

पण वरठीहून जाणाऱ्या माणसाला नेमकी कोणती सोय लागते? गाडीच्या वेळेवरून सांगतो. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सातच्या आसपास मुंबईत पोहोचवते. हॉटेलचं चेकइन दुपारी २ किंवा ३ ला. दुसऱ्या दिवशी चेकआउट दुपारी १२ ला आणि परतीची विदर्भ संध्याकाळी सातच्या सुमारास. म्हणजे जाताना सात तास आणि येताना सात तास तुम्ही रूमशिवाय. दहा वाजता ग्राहकाकडे मीटिंग आहे आणि आंघोळीची सोय नाही!

म्हणून आपल्यासाठी सगळ्यात मोलाची सोय एकच: लवकर चेकइन आणि उशिरा चेकआउट. नव्या मेंबरला याची हमी सहसा कोणीच देत नाही, पण मागितलं तर पुष्कळदा मिळतं. बुकिंग झालं की हॉटेलला फोन करा, "सकाळी साडेसातला पोहोचतोय, मेंबर नंबर अमुक, रूम तयार असेल तर बरं होईल" असं सांगा. आदल्या दिवशी पुन्हा आठवण करा. नाहीच मिळालं तर सामान ठेवायला आणि तयार व्हायला जागा मिळेल का विचारा. सामान ठेवायला मेंबरशिप लागत नाही.

जीएसटी विसरलात तर सगळा हिशेब चुकतो

हा मुद्दा पॉइंटपेक्षा मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी लागतो. ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के.

- ७,००० ची रूम: टॅक्स ३५०, एकूण ७,३५०.
- ८,००० ची रूम: टॅक्स १,४४०, एकूण ९,४४०.

भाड्यात फरक हजाराचा, पण खिशातून जातात २,०९० जास्त. तुम्ही नियमित जीएसटी भरणारे असाल आणि मुक्काम कामासाठी असेल, तर महाराष्ट्रातल्या हॉटेलच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट घेता येतं. त्यासाठी बिलावर तुमचा जीएसटी नंबर हवा. पण हैदराबादच्या हॉटेलात तेलंगणाचा टॅक्स लागतो, त्याचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर कुठेच मिळत नाही. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. पाच टक्क्यांच्या पॉइंटमागे धावताना अठरा टक्क्यांची गळती नको.

तीन ठिकाणी सावध राहा

१. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून बुकिंग. बाहेरच्या बुकिंग साइटवरून रूम घेतली तर सहसा पॉइंटही मिळत नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. पण तिथे ८०० रुपये स्वस्त मिळत असेल तर खुशाल घ्या! सहा हजारांवरचे पॉइंट तीनशे-साडेतीनशे रुपयांचेच आहेत.

२. फोनवर विकली जाणारी मेंबरशिप. क्लब मॅरियट, ताजची एपिक्युअर, क्लब आयटीसी क्युलिनेअर या पैसे भरून घ्यायच्या मेंबरशिप आहेत. त्यात जेवणावर सूट आणि व्हाउचर असतात. फुकटची योजना वेगळी आणि ही वेगळी. नागपूरला राहणाऱ्याने दर महिन्याला ग्राहकाला जेवायला नेलं तर वसूल होईल. वरठीहून साठेक किलोमीटर जाऊन फक्त सूट वसूल करायला जेवणार आहात का?

३. क्रेडिट कार्ड. एचडीएफसी बँकेचं मॅरियट कार्ड २०२३ मध्ये ३,००० रुपये अधिक टॅक्स अशा वार्षिक फीवर आलं. त्यात सिल्व्हर दर्जा आणि १५,००० पॉइंटपर्यंतची एक फुकट रात्र दिली होती. वर्षाला एक रात्र नक्की वापरणार असाल तर हिशेब जमतो. आजच्या अटी वाचूनच घ्या. पण बिल थकवलं तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं. एका महिन्याच्या थकबाकीत वर्षाचे पॉइंट साफ.

माणूस पाठवला तर पॉइंट कोणाचे?

बिल तुमच्या फर्मने भरलं, राहिला तुमचा सुपरवायझर. पॉइंट साधारणपणे राहणाऱ्याच्या खात्यात जातात. हे आधीच ठरवा. माझा सल्ला: त्याला घेऊ द्या. तुमच्या खिशातून जास्तीचं काही जात नाही आणि माणूस खूश राहतो. फक्त हॉटेल कोणतं आणि किती रुपयांपर्यंत, हे फर्म ठरवेल, तो नाही.

आता धंद्याची गोष्ट: यातून आपण काय उचलायचं?

मोठी हॉटेलं काय देतात ते नीट बघा. रिकामी पडलेली मोठी रूम. कोणी येणार नसलेल्या रूमचे दुपारचे चार तास. हॉटेलला त्याचा खर्च जवळजवळ शून्य, पाहुण्याला मात्र ते हजारांचं वाटतं. सगळी युक्ती इथे आहे: आपल्याला स्वस्त आणि ग्राहकाला मोलाचं असेल, ते द्या. रोख सूट द्याल तर ती तुमच्या नफ्यातून जाते आणि ग्राहक पुढच्या वेळी तोच दर मागतो.

गंमत बघा. ५० रात्री राहिल्यावर फाइव्ह स्टार जो ४ चा चेकआउट देतं, त्याहून मोठी सोय आपल्याकडचे कितीतरी लॉजवाले पहिल्याच दिवशी देतात: चोवीस तासांचा चेकआउट! फक्त ते पाटीवर कोपऱ्यात लिहितात आणि त्याचं मोल ग्राहकाला सांगत नाहीत.

तुमचं स्टेशनजवळ लॉज असेल तर नेहमीच्या पाहुण्याला पहाटेच्या गाडीआधी चहा द्या. राइस मिल असेल तर जुन्या शेतकऱ्याचा नंबर आधी लावा. भांड्याचं दुकान असेल तर लग्नाच्या खरेदीवर नाव टाकून द्या. वर्कशॉप असेल तर जुन्या ग्राहकाचं तातडीचं काम त्याच दिवशी करा. आणि नियम एका ओळीत सांगता आला पाहिजे. ग्राहकाला कॅल्क्युलेटर काढावा लागला तर ती योजना फसली.

आजचं काम

१. गेल्या वर्षीची हॉटेलची बिलं काढा. किती रात्री, कोणत्या शहरात, सरासरी किती रुपये, ते लिहा.

२. १० पेक्षा कमी रात्री असतील तर रुपयासारखे वापरता येणारे कॉइन देणारी योजना धरा. १० ते २५ असतील तर ज्याचं हॉटेल तुमच्या ग्राहकाच्या जवळ आहे, ती एकच धरा. ५० च्या जवळ असाल तरच प्लॅटिनमचा विचार करा.

३. रूमची कमाल मर्यादा ठरवून वहीत लिहा. पॉइंटसाठी ती ओलांडायची नाही.

४. तुमच्या दहा जुन्या ग्राहकांची यादी करा. प्रत्येकापुढे एक गोष्ट लिहा, जी तुम्हाला स्वस्त आणि त्याला मोलाची आहे. उद्यापासून द्यायला लागा.

पहिले तीन मुद्दे वर्षाला काही हजार वाचवतील. चौथा मुद्दा ग्राहक टिकवेल. वेळ कमी असेल तर चौथ्यापासून सुरुवात करा.