आकृतीतून कोड : साधन निवडताना

बोलीचा शब्दसंग्रह संगणकावर न्यायचा म्हटले की पहिला प्रश्न फॉन्टचा निघतो. खरे तर तो रचनेचा असायला हवा. इंदूरच्या मराठी घरांत बोलल्या जाणाऱ्या शब्दांचा कोश करायचा आहे, असे समजू. ‘कळ’ हा एकच शब्द घ्या : पोटातली कळ, यंत्राची कळ, भांडणाची कळ. आता वापराचे उदाहरण शब्दाला जोडायचे की अर्थाला? शब्दाला जोडले, तर कोणते वाक्य कोणत्या अर्थाचे हे संगणकाला सांगता येणार नाही.

हा निर्णय कागदावर तीन चौकोन काढून घेता येतो : शब्द, अर्थ, उदाहरण. त्यांना जोडणाऱ्या रेषांवर ‘एकास अनेक’ असे लिहायचे. अशा आकृत्यांची एक सर्वमान्य चिन्हभाषा आहे, यूएमएल. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इवार याकोब्सन यांच्या पद्धती एकत्र करून ती घडली. १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने तिला प्रमाण म्हणून स्वीकारले. आकृती काढून बटण दाबले की कोड तयार, असे सांगणारी साधने मिळतात. ते अर्धेच खरे आहे. चौकोनांतून निघतो तो सांगाडा : नावे, रकाने, परस्परसंबंध. शब्द अकारविल्हे लावताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घालायचे की ‘क’ आणि ‘ज’खाली, हे कुठल्याही चौकोनात नसते, ते कोणाला तरी हाताने लिहावे लागते.

या सांगाड्यापलीकडे जाण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये ‘मास्टरक्राफ्ट’ हे साधन विकसित झाले; विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी त्यामागच्या विचारावर लिहिले आहे. व्यवहाराचे नियम एका बाजूला, ते कोणत्या यंत्रणेवर चालतील हे दुसऱ्या बाजूला. यंत्रणा बदलली तरी नियमांचे प्रारूप तेच ठेवून कोड नव्याने निर्माण करायचा. (पाणिनीचे नाव अशा ठिकाणी घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे, येथे त्याची गरज नाही.)

आपल्या कोशाला एवढे अवजड काही नको. नुसता डेटाबेस हवा असेल तर मायएसक्यूएल वर्कबेंच पुरते; ते विनामूल्य मिळते, आकृतीतून तक्ते बनवते आणि असलेल्या तक्त्यांवरून आकृतीही काढून देते. प्रोग्रामचा सांगाडाही हवा असेल तर अम्ब्रेलो किंवा एक्लिप्सवरचे पपायरस ही मुक्त साधने आहेत. एंटरप्राइझ आर्किटेक्ट विकत घ्यावे लागते. वैशिष्ट्यांच्या याद्या वाचत बसण्यापेक्षा वरचे तीन चौकोन प्रत्येक साधनात काढून पाहावेत.

कोड निर्माण करा, त्यात दोन ओळी हाताने लिहा, मग आकृतीत ‘बोली’ हा चौथा चौकोन घालून कोड पुन्हा निर्माण करा. त्या दोन ओळी राहिल्या का? काही साधने खूण केलेला भाग राखतात, काही सगळी फाइल नव्याने लिहितात. दुसऱ्या प्रकारचे साधन कितीही देखणे असले तरी मी घेणार नाही. मग आकृती एक्सएमआय या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या साधनात उघडा. चौकोनांची मांडणी विस्कटली तर हरकत नाही, संबंध टिकले पाहिजेत. ज्यांचे प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकले आहेत त्यांना याचे महत्त्व समजावण्याची गरज नाही.

राहिली देवनागरी. एका रकान्याला ‘ऱ्हस्व’ असे नाव द्या. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे. जावा आणि पायथन ३ या दोन्ही भाषांत देवनागरी नावे चालतात, पण अदृश्य जोडचिन्ह असलेले नाव पायथन नाकारते. म्हणून टंकनाची रीत कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवावी. कोडमधली नावे रोमन ठेवा, असा सल्ला प्रोग्रामर देतील. तो मानायलाही हरकत नाही. आकृतीतली नावे मात्र देवनागरीतच हवीत, कारण उदाहरणाची रेषा शब्दाला जोडली की अर्थाला, हे तपासणारा माणूस मराठीचा अध्यापक असणार आहे.