सुळा जागेवर आला, आता हिरडी तपासा

वरचा सुळा तयार होतो नाकाच्या बाजूला, हाडात खोल. वयाच्या पाचव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत तो सुमारे २२ मिलिमीटर सरकत खाली येतो. शंभरातल्या एक-दोघांत तो वाटेतच अडकतो; बहुतेकदा टाळूच्या बाजूला, आणि मुलग्यांपेक्षा मुलींत जास्त. मग शल्यचिकित्सक हिरडी उघडतो, सुळ्यावर बटण चिकटवतो, बटणाला बारीक साखळी जोडतो आणि ऑर्थोडॉन्टिस्ट ती महिनोन्‌महिने तारेकडे ओढत राहतो. ब्रेसेस निघाल्या की घरचे सरळ दात पाहून खूश होतात. पण हा दात पुढची पन्नास वर्षे कसा टिकेल, हे त्याच्याभोवतीची हिरडी सांगते.

ती तपासतात मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बोथट, बारीक सळईने. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सरकवायची. एक ते तीन मिलिमीटरवर थांबली आणि रक्त आले नाही, तर हिरडी निरोगी. शिवाय दाताच्या मानेशी हिरडीची फिकट गुलाबी, घट्ट पट्टी आहे का, हेही पाहायचे. तिच्या वरचा लालसर, सैल भाग ब्रशचे घासणे सोसत नाही. ओठाच्या बाजूला अडकलेला सुळा उघडताना ही पट्टी कापून टाकली, तर दात सैल भागातून बाहेर पडतो. पुढे हिरडी वर सरकते आणि मूळ उघडे पडू शकते. म्हणून पट्टी न कापता तीच वर सरकवून टाके घालण्याची पद्धत अमेरिकेत व्हानार्सडॉल आणि कॉर्न यांनी १९७७ मध्ये मांडली. टाळूवरची हिरडी मुळातच घट्ट असते, त्यामुळे तिथे धोका कमी. ब्रिटनमधल्या एका चाचणीत टाळूचा सुळा खिडकी पाडून उघडा ठेवला काय किंवा हिरडीखाली झाकून ओढला काय, दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापेक्षा हिरडीची पकड सुमारे अर्धा मिलिमीटरच कमी भरली.

जयपूरच्या आसपास या शस्त्रक्रियेत पाण्याचाही विचार करावा लागतो. शहरात बिसलपूर धरणाचे पाणी येते, पण जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अनेक बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जाते. सुळ्याचे एनॅमल सहा-सात वर्षांपर्यंत हाडातच घडते, त्यामुळे न दिसणाऱ्या सुळ्यावरही फ्लोरोसिस, म्हणजे जादा फ्लोराइडने बिघडलेले एनॅमल, असू शकतो. तो तीव्र असेल तर बटण नीट चिकटत नाही. झाकलेल्या सुळ्यावरचे बटण निसटले की हिरडी पुन्हा उघडावी लागते. लहानपण कुठल्या गावच्या पाण्यावर गेले, हे पालकांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

पटाशीच्या बाजूचा दात जन्मतःच नसणे, हाही असाच नाजूक मामला. सुळा पुढे आणून जागा मिटवायची, की जागा राखून इम्प्लांट किंवा ब्रिज बसवायचा? १९७५ मध्ये नॉर्डक्विस्ट आणि मॅकनील या संशोधकांना, आणि २००० मध्ये स्वीडनच्या रॉबर्टसन आणि मोहलिन यांना, जागा मिटवलेल्यांची हिरडी कृत्रिम दातवाल्यांपेक्षा निरोगी आढळली. कृत्रिम दाताभोवती कीटण साचते आणि हिरडी सुजते. इम्प्लांट तर जबड्याची वाढ थांबेपर्यंत बसवताच येत नाही; घाई केली तर शेजारचे दात खाली येतात, तो वरच राहतो आणि हिरडीच्या कडेला पायरी पडते. सुळा पुढे आणतानाही कौशल्य लागते. बाजूच्या दाताची हिरडी शेजाऱ्यांपेक्षा किंचित खाली असते. ऑस्लोचे ऑर्थोडॉन्टिस्ट ब्योर्न झाक्रिसन यांनी म्हणूनच सुळा थोडा खाली ओढायला आणि त्याच्या जागी आलेली उपदाढ थोडी वर ढकलायला सांगितले. दाताबरोबर हिरडीची कडाही सरकते. जुळलेल्या हास्यामागे इतकी बारीक मापे असतात, आणि ती उपचाराआधीच ठरवावी लागतात.

सुळा वाट चुकतोय हे वेळीच ओळखले, तर कित्येक मुलांच्या हिरडीला सुरी लावण्याची वेळच येत नाही. दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवर बोट फिरवले तर फुगवटा लागायला हवा. एकाच बाजूला लागला, तर एक्स-रे काढावा. एरिक्सन आणि क्युरोल या संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे काढले. टाळूकडे वळलेल्या ४६ पक्क्या सुळ्यांपैकी ३६ आपोआप वाटेवर आले. शेजारच्या दाताच्या मुळाची अर्धी रुंदी ज्यांनी ओलांडली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण ९१ टक्के होते, ओलांडलेल्यांत ६४. वर्षभरात एक्स-रेमध्ये फरक दिसला नाही, तरच पुढच्या उपचाराकडे वळावे, असे त्यांनी सुचवले.